हमीचं पान

१

बुधवारी सकाळी पेटी उघडली तेव्हा मेमोरँडमची, म्हणजे आमच्या कंपनीच्या स्थापनेच्या कागदाची, दोनच पानं हाताला लागली. तिसरं नव्हतं. मी पेटी पालथी केली, चटई झटकली, बायकोवर विनाकारण ओरडलो आणि पुन्हा मोजली. दोनच होती.

तिसऱ्या पानावर सहा सह्या होत्या आणि एक अंगठा. कंपनी नोंदवायची तर कायद्याला सात माणसं लागतात. सातांतला इद्रीस तांडेल सोमवारी संध्याकाळी गलबत घेऊन कालिकतकडे निघून गेला होता, तो महिन्याच्या आत काही येत नव्हता. म्हणजे नवं पान लिहून पुन्हा सह्या घ्यायची सोय नव्हती. त्याच्या जागी दुसरा धरावा, तर मंडळाच्या नियमावलीवर त्याची सही आधीच झाली होती, आणि दोन्ही कागदांवर तीच माणसं असावी लागतात. आणि शुक्रवारच्या आगबोटीनं कागद मुंबईला कंपन्यांच्या रजिस्ट्रारकडे गेले नाहीत, तर राजिवड्याच्या वखारीत राहणाऱ्या अकरा कुटुंबांना बाहेर पडावं लागणार होतं.

ही कुटुंबं खलाशांची. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात ज्यांची माणसं परत आली नाहीत, त्यांच्या बायका आणि पोरं. हिंदूही होती, मुसलमानही होती. वखार खतिजाबींची. त्यांनी या बायकांना आसरा दिला आणि आता हजला जाण्यापूर्वी वखार कायमची त्यांच्या नावे करावी असं मनात आणलं. पण त्यांचा वकील म्हणाला, "नोंद नसलेल्या मंडळाला दान म्हणजे वाऱ्याला दान. आधी मंडळ नोंदवा, मग त्या नोंदलेल्या नावानं दानपत्र करू." बाई पंधरा दिवसांनी निघणार होत्या. त्या गेल्या की वखारीचा कारभार त्यांचा दीर मुसा याच्याकडे, आणि मुसाला तिथे सुकी मासळी भरायची होती.

मी आप्पा. जिल्हा कोर्टात तीस वर्षं काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. इंग्रजी कायदा वाचता येतो हा माझा गुन्हा. त्याची शिक्षा म्हणून १९३७ च्या फेब्रुवारीपासून या मंडळाचा चिटणीस होतो.

आमची कंपनी हमीची. म्हणजे तिला भांडवल नाही, नफा कुणी वाटून घ्यायचा नाही; मंडळ बुडालं तर सभासदांनी ठरलेली रक्कम भरायची, एवढीच काय ती हमी. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

पहिल्यांदा आम्ही 'इंपीरियल खलाशी आश्रय मंडळ' असं नाव धाडलं. उत्तर आलं की इंपीरियल हा शब्द वापरायचा तर गव्हर्नर जनरलची परवानगी आणा. वखारीतल्या अकरा बायकांसाठी मी दिल्लीला लिहायचं. तो शब्द काढला, तर नाव मुंबईच्या दुसऱ्या एका संस्थेच्या नावाशी फार जुळतं म्हणून परत. तिसऱ्यांदा नाव बदललं, तर शेवटी 'लिमिटेड' कुठे आहे म्हणून परत. मंडळ धर्मादाय आहे, दुकान नव्हे, तेव्हा 'लिमिटेड' गाळू द्या असा सरकारकडे अर्ज केला. तो परवाना यायला सात महिने लागले. सात महिने मी रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसत होतो, आणि बायको मला त्यावरून बोलत होती.

आता परवाना आला होता, नाव पसंत होतं, सह्या झाल्या होत्या. आणि पान नव्हतं.

पेटी ओटीवर असते. तिला कुलूप नाही. सोमवारी रात्री कागद मी स्वतः नीट लावून ठेवले होते. मंगळवारी घरी कोण आलं होतं ते आठवून पाहिलं. दुपारी मुसा आला होता. संध्याकाळी वकिलाचा कारकून काशीराम आला होता. एरवीचं येणंजाणं नेहमीचंच. तुळसा भात कांडून गेली, पोस्टमन येऊन गेला.

मुसा आणि काशीराम. दोघांनाही ओटीवर एकटं सोडून मी आत गेलो होतो. मी टोपी घातली आणि आधी राजिवड्याला गेलो.

२

खतिजाबींच्या अंगणात ट्रंका उघड्या पडल्या होत्या. बाई चटईवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी पान हरवल्याचं सांगितलं. त्यांनी हातातली घडी ट्रंकेत ठेवली आणि पुढचा कपडा उचलला. दारातून वखारीतली सखू डोकावली, माझं तोंड पाहून तिला काय ते कळलं असावं, कारण ती तशीच मागे गेली. या दोन बायकांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुसा मागच्या पडवीत जाळं दुरुस्त करत होता. हा माणूस वीस वर्षं विलायती बोटींवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. इंग्रजी वाचतो, बोलतो, आणि ते दुसऱ्याला कळेल याचीही काळजी घेतो.

"काल तू माझ्या पेटीतले कागद पाहिलेस," मी म्हणालो.

"तुमीच दाखवलेत, आप्पासाहेब."

"मी आत गेलो तेव्हाही पाहत होतास."

"होय तर. परवाना वाचीत होतो. सरकारचा शिक्का झकास हाय." त्यानं सुतळीला गाठ मारली. "मी पान नेलं असं म्हणायचंय तुमाला?"

"वखार कुणाला पाहिजे आहे?"

"मला. भाभीच्या तोंडावर सांगितलंय, तुमच्या तोंडावर सांगतो. पण चोरी कशाला करू? गेल्या शिमग्यापासून तुमी मंडळाला नाव ठेवताय. तुमचं असंच चाललं तर भाभी मक्केला जाऊन परत येईल तरी बारसं व्हायचं नाय."

मला राग आला, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. मी वळलो तसा तो मागून म्हणाला, "एक सांगू? तुमी माणसंच नीट निवडली नाय. लवू तांडेलाचा मचवा चुलतभावाला जामीन राहण्यात गेला. आता बिचारा होडीवर पोट भरतो. त्याला कशाला पुन्हा कागदावर बसवलात?"

"मंडळात एक तरी अंगठेबहाद्दर असावा असं इद्रीसचं म्हणणं पडलं. मंडळ खलाशांचं आहे," मी म्हणालो आणि निघालो. मुसाचं बोलणं टोचायला म्हणून होतं असं तेव्हा मला वाटलं.

३

काशीराम कचेरीबाहेरच्या बाकावर नक्कल करत बसला होता. अक्षर त्याचं छापल्यासारखं. मंडळाचे सगळे मसुदे त्यानंच लिहिले. 'इंपीरियल' हा शब्दही त्याचाच; तो परत आल्यापासून सगळं बंदर त्याला इंपीरियल काशीराम म्हणतं, आणि त्याला वाटतं की ते नाव मी पाडलं. ते खरं आहे. शिवाय सातांत आपलं नाव नाही, आपल्याला नुसतं साक्षीदार केलं, हेही त्याच्या मनात होतं.

"पान गेलं?" त्यानं लेखणी खाली ठेवली. "म्हणजे माझ्यावर संशय."

"मी तसं म्हटलं नाही."

"तुमच्या टोपीवरून कळतं, आप्पासाहेब. रागात असलात की ती तिरकी असते." त्यानं लेखणीची शाई पुसली. "मला खोडाच घालायचा असता तर मी गप्प बसलो असतो. पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. कचेरीवर पाटी लावावी लागेल, इंग्रजीतही आणि मराठीतही. एका लिपीत लावलीत तर दिवसाला पन्नास रुपयांपर्यंत दंड. मी आजच रंगाऱ्याला दोन्ही लिहून देणार होतो."

"पाटीचं राहू दे. रविवारी सह्या झाल्या तेव्हा माझ्या ओटीवर कोण कोण होतं?"

"सात सभासद, मी, काकू, आणि लवूला धरून आणलेली त्याची बायको. पाकट माशाचा काटा लागून त्याचा पाय सुजलाय, एकट्यानं चालवत नव्हतं."

"आणि सोमवारी?"

"नियमावलीचे कागद छापखान्यातून उशिरा आले. इद्रीस निघायच्या गडबडीत होता, म्हणून त्या सह्या त्याच्या गलबतावरच घेतल्या. तेच सात, आणि साक्षीदार मी. लवूला होडीतनं नेला. पाण्यावर जायचं म्हटल्यावर त्याचा पाय दुखत नव्हता."

"त्याची बायको?"

"गलबतावर बायकांना कोण नेतं?" काशीरामनं लेखणी उचलली, मग पुन्हा ठेवली. "एक बोलू का? रविवारी तुम्ही फार वैतागला होतात. हमीचं कलम वाचताना लवूनं तीनदा विचारलं, म्हणजे काय. तिसऱ्यांदा तुम्ही त्याच्या हाताखाली शाई सरकवलीत आणि म्हणालात, म्हणजे अंगठा कर."

"मग? सकाळपासून तेच तेच समजावत होतो मी."

"कलम पुरं व्हायचं होतं, एवढंच म्हणतो."

मी तिथून उठलो. कारकुनानं शिरस्तेदाराला वाचायला शिकवावं हे मला सहन झालं नाही. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो, आणि जेवायला बसलो तेव्हाही भांडण संपलं नव्हतं.

४

दुपारी पेटीसमोर बसलो. तीस वर्षं कोर्टात मी दुसऱ्यांचे तपास ऐकले, त्यातले निम्मे हसण्यासारखे होते. माझा त्याच रांगेतला होऊ नये म्हणून मी एकेक कागद बाहेर काढून समोर मांडला.

सर्वांत वर सरकारचा परवाना होता. त्याच्याखाली मेमोरँडमची उरलेली दोन पानं. तळाशी, वेगळ्या फडक्यात, नियमावली; तिच्यावर तीच सात माणसं.

चोराला नोंदणी अडवायची असती तर त्यानं काय नेलं असतं? परवाना. तो हाताला पहिला लागतो, आणि गेला तर पुन्हा सात महिने. मुसानं तो वाचला होता, त्याची किंमत त्याला माहीत होती. तरी परवाना जागेवर होता. म्हणजे मुसा नव्हे. माझी फार निराशा झाली, कारण मुसा असता तर मला आवडलं असतं.

काशीराम? त्याला सूड घ्यायचा असता तर पान न्यायची गरज नव्हती. साक्षीदार म्हणून एक सही विसरला असता तर रजिस्ट्रारनंच कागद परत धाडले असते आणि दोष माझ्या माथी आला असता. त्याचं काम चोख होतं.

मग चोराला नोंदणीशी काही कर्तव्यच नसावं. त्याला ते एक पान हवं होतं. त्या पानावर काय होतं? सात नावं. पण तीच नावं नियमावलीवरही होती आणि तिला कुणी हात लावला नव्हता. मग तिसऱ्या पानावर असं काय होतं जे नियमावलीवर नाही? फक्त हमीचं कलम.

चोर हमीला भ्याला होता. आणि आपलं किंवा आपल्या माणसाचं नाव आणखी एका कागदावर आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर भ्यालेल्या माणसानं दोन्ही नेले असते. म्हणजे तो रविवारी ओटीवर होता आणि सोमवारी गलबतावर नव्हता.

सातही सभासद गलबतावर होते. काशीराम होता. उरल्या दोघी. त्यांतली एक माझी बायको.

"अगं," मी आत बायकोला हाक मारली, "माझ्या पेटीला हात लावलास का?"

"तुमच्या पेटीला हात लावायला मला वेड लागलंय?" ती बाहेर आली. "कालपासून तुळसाचं काहीतरी बिनसलंय, ते विचारा. काल अर्धं भात तसंच टाकून गेली. आज आलीच नाही."

तुळसा. लवू तांडेलाची बायको. तिला अक्षर येत नाही, म्हणून कागद म्हटल्यावर ती माझ्या डोक्यातच आली नव्हती. पण सहा सह्या आणि एक अंगठा, यांतला अंगठा ओळखायला अक्षर कशाला लागतं?

मग मी दोन पानं बाजूला ठेवली आणि तिसऱ्या पानाचा मसुदा काढला. हमीचं कलम डोळ्यांखालून घातलं. रविवारी मी कुठे थांबलो होतो ते बोट ठेवून शोधलं. 'मंडळ मोडीत निघाल्यास, सभासद असताना किंवा सभासदत्व सोडल्यापासून एक वर्षाच्या आत, मंडळाचे देणे फेडण्यास लागेल ती रक्कम भरण्याचे प्रत्येक सभासद कबूल करतो.' इथे लवूनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि इथे मी शाई पुढे केली. 'मात्र ही रक्कम पाच रुपयांपेक्षा अधिक असणार नाही,' हे मी वाचलंच नव्हतं.

माझे कान तापले. काशीराम मघाशी याहून जास्त बोलला नाही, हे त्याचे उपकार होते.

५

गुरुवारी सकाळी मी काशीरामला बरोबर घेतलं. लवूचं घर खाडीच्या काठाला. तो सुजलेला पाय पसरून बाहेर बसला होता, आणि आम्हाला पाहून उठायची धडपड करू लागला. मी त्याला बसवलं. तुळसा दारात आली. माझ्या हातातला कागदांचा बस्ता पाहून तिनं पदर खोचला.

"मीच नेला," ती म्हणाली. मला काही विचारावंच लागलं नाही. "ह्यांना ठाव नाय. ह्यांना काय बोलू नका."

लवू तिच्याकडे पाहतच राहिला.

"पान कुठे आहे?" मी विचारलं.

ती आत गेली आणि भाताच्या कणगीतून पान घेऊन आली. स्वच्छ होतं, एक सुरकुती नव्हती. फक्त खालची पट्टी विळीनं कापली होती. सहा सह्या जशाच्या तशा होत्या, अंगठा नव्हता.

"अंगठा चुलीत घातला. बाकीच्यांचं कशाला नुकसान करू? उद्या पेटीत ठेवणारच होते."

"कापलास कशाला?"

"मचवा नेला तवा सावकारानं आमच्यासमोर कागद फाडला. अंगठा हातात दिला आणि म्हणाला, जा, सुटलास. तवापास्नं मला म्हाईत हाय. अंगठा फाडला की माणूस सुटतो." तिचा आवाज चढला. "तुमीच वाचलात नाय का, मंडळ बुडालं तर लागंल ती रक्कम. सोडून गेलं तरी वरीसभर. एक मचवा गेला, आता ही होडी पण घालवू? चुलतभावाचा जामीन तरी घरातला होता. हिथं तर सगळ्या बंदराचा."

"तुळसा, कलम तिथे संपत नाही," मी म्हणालो. "पुढे पाच रुपये लिहिलंय. कितीही देणं झालं तरी माणशी पाच रुपयांच्या वर एक पै मागता येत नाही. होडीला कुणी हात लावू शकत नाही."

काशीरामनं मान हलवून होय म्हटलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे त्या दिशी का नाय वाचलंत?"

नऊ महिने मी रजिस्ट्रारला शिव्या घातल्या, की हा माणूस आम्हाला एक गोष्ट धड समजावून सांगत नाही, नुसता कागद परत करतो. मला लाज वाटली, आणि मी ती तशीच सांगितली.

"मी वैतागलो होतो. चुकलं माझं."

लवू हात पुढे करून म्हणाला, "आणा शाई. वखारीतली सखू माझ्या भावासारख्याची बायको हाय. परत अंगठा देतो."

"तुमी गप ऱ्हावा," तुळसा म्हणाली. "होडी तुमच्या नावावर हाय. पाच म्हणा, दहा म्हणा, कागद तो कागद. तुमचा अंगठा मी परत जाऊ देणार नाय." मग ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. "बायमाणसाचा चालतो का?"

मी काशीरामकडे पाहिलं. कायद्यात सात माणसं लिहिलं होतं, पुरुष लिहिलं नव्हतं. तिसऱ्या पानावर जागा उरली नसली तरी नावांची यादी चौथ्या पानावर न्यायला कायद्याची हरकत नव्हती. नऊ महिन्यांत याच एका गोष्टीला ती नव्हती. लवूचा अंगठा आहे ती नियमावली मात्र अडणार होती, कारण दोन्हींवर तीच माणसं लागतात.

"नियमावलीशिवाय नुसतं मेमोरँडम जातं का," काशीराम हळूच म्हणाला. "की हमीच्या कंपनीला नियमावली लागतेच?"

"लागते. मग नियमावलीवरही तुळसाचा अंगठा घेऊ," मी म्हणालो. "तिथे आठ झाले तर झाले. आणि लवू मेमोरँडमवर नाही म्हणजे हमीत नाही, तसं रजिस्ट्रारला मी पत्रात लिहितो. त्याला काय परत करायचंय ते करू दे, पण उद्याची आगबोट चुकवायची नाही."

"चालतो, तुळसा," मी तिला म्हणालो. "तुझा चालतो."

"माझ्या नावावर काय नाय. भात कांडायचे पैसे हायत, त्यातले पाच गेले तर गेले. त्या अकराजणी भायेर पडण्यापरीस बरं." तिनं अंगठा पुढे केला. काशीरामनं शाईची डबी उघडली. तिनं अंगठा मागे घेतला.

"आधी वाचा."

"कलम आत्ताच सांगितलं तुला."

"सगळं वाचा. पयल्या पानापास्नं. जिथं समजणार नाय तिथं मी इचारीन, आणि तुमी चिडायचं नाय."

काशीरामनं डबी बंद करून खाली ठेवली. मी टोपी काढून बाजूला ठेवली, तिच्यासमोर मांडी घातली आणि पहिलं पान उघडलं. पहिलंच कलम नावाचं होतं. मी ते वाचलं.

"नाव कशाला लागतं सरकारला?" तुळसा म्हणाली.

मी सांगू लागलो.